पन्नाशीचा खांदा

आमच्याकडे या दुखण्याला
पन्नाशीचा खांदा म्हणतात.
इसोबे-सान अठ्ठावन्न वर्षांचे.
"आठ वर्षं उशिरा आला," ते म्हणाले,
"आमच्या धंद्यात सगळंच उशिरा वाळतं."

धंदा : सार्वजनिक न्हाणीघरांच्या भिंतींवर
फुजी पर्वत काढणे.
सुट्टीच्या एका दिवसात आख्खा डोंगर,
कारण दुसऱ्या दिवशी दुपारी हौद भरायचा असतो.
मावळता सूर्य काढायचा नाही, धंदा बुडतो.
आणि आकाश आधी. नेहमी आकाश आधी.
निळ्याचे ओघळ खाली आले
तर डोंगर त्यांना पोटात घेतो;
उलट केलं तर डोंगरच रडका दिसतो.

मी कोनमापक लावला.
समोरून ब्याऐंशी. बाजूने साठ.
पाठीमागे हात नेला
तर कमरेच्या पट्ट्याशीही पोचेना.
ब्याऐंशी अंशांत, त्यांनीच हिशेब केला,
पाइनची झाडं होतात, तळं होतं,
एखादी होडी होते.
"शिडीची एक पायरी वर चढायची," मी म्हटलं.
"आकाश तेवढंच वर सरकतं, बाई."

मंगळवार, शुक्रवार, साडेनऊ.
पंधरा मिनिटं शेक, मग माझे हात.
एक तळवा फऱ्यावर, राखणीला बसवलेला;
खांदा अडला की फरा लबाडी करतो,
त्याच्या वाटचं स्वतः उचलतो
आणि माणसाला वाटतं, हात वर गेला.
दुसरा तळवा दंडाच्या टोकाशी, काखेच्या जरा वर.
ओढायचं नाही.
आतला गोळा वाटीत खाली सरकवायचा
तांदळाच्या दाण्याएवढा,
आणि परत येऊ द्यायचा.
पुन्हा.
दुखणं शून्य ते दहा सांगा म्हटलं
तर ते रंग सांगायचे.
"राखाडी. राखाडी. पिवळा...
थांबा, शेंदरी."

पाचव्या आठवड्यात काहीच हललं नाही.
वहीत ब्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव.
त्या दिवशी मी जरा जास्तच रेटलं
आणि त्यांनी एकही रंग सांगितला नाही.
नंतर शर्ट घालताना
त्यांना बाही सापडेना.
मी बाही धरून उभी राहिले.
दोघंही खिडकीबाहेर बघत होतो,
बाहेर फक्त सायकलींचा तळ होता.

त्यांना सोडायला चिहारु यायची, त्यांची शिष्या,
नखांच्या कडांत निळा.
"घरी बोटं चालवतात का भिंतीवर?"
"चालवतात. वर्तमानपत्र चिकटवलंय,
जिथवर पोचतात तिथे रोज पेन्सिलची खूण.
पण आता त्या खुणांनाही उतार दिलाय,
पायथ्याशी गवत काढलंय.
खरी खूण कुठली, कळत नाही."

उन्हाळा गेला.
एकशे दहा. एकशे अठ्ठावीस.
एकशे चाळीस, आणि तिथे मुक्काम.
पुढे येईल, किंवा येणार नाही,
मी खरं ते सांगितलं.
त्यांनी टोपी उचलली, उजव्या हाताने,
डोक्यावर ठेवली, परत काढली,
परत ठेवली.
"पुरे झालं. वरचं चिहारुला द्यायचंच होतं.
इतकी वर्षं कारण सापडत नव्हतं."

नोव्हेंबरात मी कामोमे-यु मध्ये गेले.
बायकांच्या बाजूला डोंगराची उजवी सोंड येते,
शिखर पुरुषांकडे.
मधली भिंत छतापर्यंत जात नाही,
पलीकडून लाकडी बादल्यांचा आवाज येत होता.
मानेपर्यंत पाण्यात बसून
मी माझे दुखरे अंगठे तळाशी दाबून धरले
आणि भिंत वाचत गेले.
तळं, पाइन, बर्फाची कड,
मग आकाश, रुंद फटकाऱ्यांचं, सैल मनगटाचं,
आणि ढगाच्या जरा वर
एके ठिकाणी फटकारा आखूड होतो.
तिथून पुढचा निळा तरुण आहे, थोडा घाईतला.
एकशे चाळीस.
तिथे सांधा आहे,
माहीत नसेल तर दिसत नाही.

शेजारच्या आजींनी विचारलं,
मान अवघडली का तुमची,
किती वेळ वर बघताय.
मी म्हटलं, हो, थोडीशी.
त्या लगेच उठून माझ्या मागे आल्या
आणि चुकीच्याच जागी,
फार जोरात,
चोळू लागल्या.
मी काही बोलले नाही.